मे महिन्यापासून उलटं मोजा : नागपूरकडच्या ओलिताच्या शेतीचा पाणी-हिशोब

काटोल तालुक्यातलं पाच एकर वावर बाबांनी माझ्या हाती सोपवलं, तेव्हा विहिरीत सात मीटर पाणी होतं. नोव्हेंबर महिना होता, मोटार दिवसभर चालली तरी विहीर आटत नव्हती. दोन एकर संत्र्याची बाग होतीच. उरलेल्या तीन एकरांत मी दोन एकर गहू आणि एक एकर हरभरा पेरला. गहू चांगला झाला. पण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मोटार तासाभरात हवा ओढायला लागली आणि मे महिन्यात आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेर आलेल्या फुलांची, लिंबाएवढी फळं रोज झाडाखाली पडलेली दिसायची. टँकर आणले, पण त्यानं बाग जगली, बहार गेला.

त्या वर्षी पाणी एकूण कमी नव्हतं, हे मला नंतर कळलं. कागदावर बेरीज केली तर वीस लाख लिटर उरत होते. चूक होती ती वर्षाची बेरीज करण्यात. तूट वर्षाला येत नाही, ती एखाद्या महिन्यात येते, आणि ती कोणत्या महिन्यात येणार हे पेरणीआधी काढता येतं. ते कसं काढायचं हे खाली लिहितोय. शेतीत नव्यानं उतरलेल्या, शहरातून परत आलेल्या किंवा नागपूरच्या आसपास नवं वावर घेतलेल्या माणसाला समजेल अशा बेतानं लिहितोय. सगळे आकडे माझ्या वावराचे आहेत. तुमचे तुम्हालाच मोजावे लागतील.

आधी जमवायचं सामान

- दोनशे लिटरचा ड्रम आणि सेकंद दाखवणारं घड्याळ (मोबाइल चालेल)
- दर अर्ध्या मीटरला गाठ मारलेली दोरी, टोकाला वजन
- मीटर टेप, टिकाव-फावडं
- सातबारा, आठ-अ आणि गावनकाशाची प्रत
- तुमच्या महसूल मंडळाचे दहा वर्षांचे पावसाचे आकडे (महारेनच्या संकेतस्थळावर मिळतात, नाहीतर तालुका कृषी कार्यालयात विचारा)
- एक जाड वही. मोबाइलमध्ये लिहू नका. विहिरीच्या काठावर ओल्या हातांनी वहीच कामी येते.

१. खरं क्षेत्र काढा

सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक एकर म्हणजे सुमारे ४०.५ आर. पोटखराब (लागवडीला न येणारी जमीन), धुरे म्हणजे बांध, वहिवाटीचा रस्ता, गोठा आणि विहिरीभोवतीची जागा वजा करा. माझे पाच एकर प्रत्यक्षात साडेचारच्या आसपास भरले. तरी खालचे हिशोब मी पूर्ण एकर धरून करतोय, म्हणजे तुम्हाला आकडे पडताळता येतील.

सातबारा हातात आहे तर विहिरीची नोंद आहे का तेही बघून घ्या. विहीर तीस वर्षांची असली तरी नोंद नसते असं सर्रास होतं, आणि पुढे अनुदानाला किंवा वीजजोडणीला तिथेच अडतं. नोंद नसेल तर पटवाऱ्याकडे अर्ज आजच द्या. ई-पीक पाहणी करताना सिंचनाचं साधन भरायलाही विसरू नका.

२. मिलिमीटरचे लिटर करायला शिका

पिकाची तहान मिलिमीटरमध्ये सांगतात, विहीर मीटरमध्ये मोजतात, मोटार तासांत आणि कालवा क्युसेकमध्ये. हे सगळं लिटरवर आणलं नाही तर तुलनाच होत नाही. एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

- १ हेक्टरवर १ मिमी पाणी = १०,००० लिटर
- १ एकरवर १ मिमी पाणी = सुमारे ४,०५० लिटर
- १ घनमीटर = १,००० लिटर
- १ क्युसेक = सेकंदाला २८.३ लिटर, म्हणजे तासाला साधारण १ लाख लिटर

३. मातीला किती धरता येतं ते बघा

वावरात तीन-चार ठिकाणी हातभर रुंद, कंबरेएवढा खड्डा खणा. काळी माती किती खोल आहे, मुरूम कुठे लागतो, ते मोजा. आमच्याकडे एकाच वावरात एका टोकाला चार फूट काळी आणि दुसऱ्या टोकाला फूटभर बरड, म्हणजे हलकी मुरमाड माती, असते.

भारी काळी माती मीटरभर खोलीत पिकाला उपयोगी पडेल असं साधारण १५० ते २०० मिमी पाणी धरते. त्यातलं निम्मं संपलं की ओलीत द्यायचं, असा साधा नियम धरा. मुळं ६० सेंटीमीटर गेली असतील तर साठा १०० मिमी आणि वापरण्याजोगे ५० मिमी. बरडीत तीस सेंटीमीटरची माती असेल तर वापरण्याजोगे १५ मिमी मिळाले तरी खूप. जानेवारीतला गहू दिवसाला चार मिमी पितो. म्हणजे काळ्या वावरात बारा-तेरा दिवस निभावतं आणि बरडीत चार दिवसांत पान वळायला लागतं. बरडीच्या तुकड्यात गहू पेरू नका, हे मी गणितावरून सांगतोय आणि एकदा पेरून पाहिल्यावरूनही.

मातीबद्दल शंका असेल तर नागपूरकरांची सोय चांगली आहे. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो आणि केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, दोन्ही अमरावती रोडवरच आहेत. महाराजबागेजवळ कृषी महाविद्यालय आहे. प्रश्न लिहून घेऊन जा, माणसं नीट बोलतात.

४. पिकाला रोज किती लागतं

याचं जगभर वापरलं जाणारं सूत्र साधं आहे: हवेची तहान गुणिले पिकाचा गुणांक. हवेची तहान म्हणजे ऊन, वारा, तापमान आणि हवेतला ओलावा मिळून एखादं हिरवंगार गवताचं रान दिवसाला किती मिमी पाणी उडवेल तो आकडा. हवामान केंद्रात बाष्पपात्र असतं, त्यातून उडालेल्या पाण्याला ०.७ नं गुणलं तरी हा आकडा जवळपास मिळतो. नागपूरसाठी मी हिशोबापुरते असे आकडे धरतो: नोव्हेंबर ३.८, डिसेंबर ३.२, जानेवारी ३.४, फेब्रुवारी ४.५, मार्च ५.५, एप्रिल ७, मे ७.५ मिमी. डिसेंबर आणि मे यांच्यातला फरक बघा. तेच झाड, तेच वावर, आणि तहान दुपटीहून जास्त.

आता गुणांक. भरात आलेल्या गव्हाचा १.१५, हरभऱ्याचा १, आणि अर्धी जमीन सावलीत घेणाऱ्या संत्र्याच्या बागेचा ०.६ ते ०.६५. आंतरराष्ट्रीय अन्न व कृषी संघटनेनं, म्हणजे फाओनं, हे गुणांक प्रसिद्ध केलेत. क्रॉपवॉट नावाचा त्यांचा संगणक-प्रोग्रॅमही फुकट मिळतो. पण पहिल्या वर्षी हातानंच करा, नाहीतर आकडा चुकला तर लक्षात येणार नाही.

संत्रा: माझी लागवड ६ बाय ६ मीटरवर आहे. एका झाडाच्या वाट्याला ३६ चौरस मीटर. ३६ गुणिले ०.६ म्हणजे साधारण २१.६. ठिबकमध्येही दहा टक्के वाया जातात असं धरलं की २४. म्हणून माझं पाठ झालेलं गणित: हवेच्या तहानेचा आकडा गुणिले २४, इतके लिटर एका मोठ्या झाडाला रोज. फेब्रुवारीत १०८, मार्चमध्ये १३२, एप्रिलमध्ये १६८, मे महिन्यात १८० लिटर. दोन एकरांत २२० झाडं आहेत. मे महिन्यात त्यांना दिवसाला जवळजवळ ४०,००० लिटर लागतात. पाच हजार लिटरचे आठ टँकर, रोज. झाडं लहान असतील तर सावली किती पडते त्यावरून गुणांक कमी धरा. फाओच्या तक्त्यात वीस टक्के सावलीच्या बागेला ०.४५ ते ०.५५ दिलाय.

गहू: दर ओलिताला मातीत ५० मिमी मुरायला हवं. तुषार संचानं देताना पाव भाग वाया जातो, म्हणून ६७ मिमी सोडावे लागतात. एका एकराला सुमारे २.७ लाख लिटर, एका पाळीला. दांडातून मोकळं पाणी देत असाल तर चाळीस टक्के तरी वाटेत आणि सऱ्यांच्या टोकाला जातं, तेव्हा आकडा साडेतीन लाखांच्या घरात पोचतो. पाळ्या अशा: मुकुटमुळं फुटताना २० दिवसांनी, फुटवे येताना ४० ते ४५, कांडी धरताना ६० ते ६५, फुलोऱ्यात ८० ते ८५ आणि दाण्यात चीक भरताना ९० ते १०० दिवसांनी. उरलेली गरज पावसाळ्यात मातीत मुरलेला ओलावा भागवतो. पाणी कमी असेल तर बाकी काहीही चुकवा, पहिली पाळी चुकवू नका.

हरभऱ्याला फांद्या फुटताना एक आणि घाटे भरताना एक, अशा दोन पाळ्या पुरतात. भारी जमिनीत दुसरी द्यायच्या आधी माती मुठीत दाबून बघा. जास्त पाण्यानं हरभरा नुसता वाढतो, कधी उधळतो, म्हणजे उभ्यानं वाळतो.

५. विहिरीतलं पाणी नको, झरा मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला.

विहिरीचा साठा काढणं सोपं. व्यास ६ मीटर असेल तर क्षेत्रफळ २८.३ चौरस मीटर, म्हणजे दर मीटर खोलीला २८,३०० लिटर. सात मीटर पाणी म्हणजे दोन लाखांच्या जरा खाली. आता वरचा गव्हाचा आकडा आठवा. भरलेल्या विहिरीत एक एकर गव्हाची एक पाळीसुद्धा मावत नाही. आपण पितो ते पाणी साठ्याचं नसून झऱ्याचं असतं, आणि झरा महिन्यागणिक बारीक होत जातो.

झरा मोजायच्या दोन रीती मी वापरतो.

पहिली, चढ मोजायची. मोटार चालवून पाणी दीड-दोन मीटर उतरवा. मोटार बंद करा. गाठींच्या दोरीनं पातळी घ्या, तीन तासांनी परत घ्या. माझ्या विहिरीत नोव्हेंबरमध्ये तीन तासांत ६० सेंटीमीटर चढ आला. २८.३ गुणिले ०.६ म्हणजे १७ घनमीटर, तासाला ५,६५० लिटर. चोवीस तासांचे १.३६ लाख होतात, पण तेवढे मिळत नाहीत. पाणी वर चढतं तसा झऱ्याचा जोर कमी होतो. म्हणून मी त्यातले साठ टक्के धरतो: दिवसाला ८०,००० लिटर. मार्चमध्ये चढ ३० सेंटीमीटरवर आला, मे महिन्यात १५ वर. म्हणजे दिवसाचे ४०,००० आणि २०,०००.

दुसरी रीत शेजारच्या काकांनी शिकवली आणि तीच मला जास्त खरी वाटते. सलग तीन दिवस, रोज वीज येईल त्या वेळी, मोटार हवा ओढेपर्यंत चालवायची आणि तास लिहायचे. मार्चमध्ये माझी मोटार पहिल्या दिवशी साडेचार तास चालली, दुसऱ्या दिवशी पावणेतीन, तिसऱ्या दिवशी सव्वादोन. पहिल्या दिवशी साठा निघतो. तिसऱ्या दिवशीचा आकडा झऱ्याचा. सव्वादोन तास गुणिले तासाला १८,००० लिटर, म्हणजे ४०,५००. पहिल्या रीतीशी जुळलं, तेव्हा दोन्हींवर विश्वास बसला. ही चाचणी करताना मोटारीजवळून हलू नका. पाण्याविना चालली तर जळते, विशेषतः पाणबुडी मोटार.

इथले सापळे:

पावसाळा संपल्या संपल्या मोजलेला आकडा वर्षभराचा धरू नका. ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे प्रत्येक विहीर श्रीमंत असते.

शेजाऱ्याच्या विहिरीवरून आपला अंदाज बांधू नका. काटोल, नरखेड, कळमेश्वर, हिंगणा हा पश्चिमेचा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. पाणी खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या झिजलेल्या पट्ट्यात असतं. धुऱ्यापलीकडची विहीर भरलेली आणि अलीकडची कोरडी, हे नेहमीचं. कामठी-उमरेडकडे वालुकाश्म आहे, पूर्वेला जुना पट्टेदार खडक. तिथलं वागणं वेगळं.

शेजारी आणि तुम्ही एकाच वेळी मोटारी चालवत असाल तर चाचणीही तशीच करा. एकट्याची मोटार चालू असताना आलेला आकडा एप्रिलमध्ये मिळणार नाही.

आणि झरा कमी निघाला म्हणून लगेच बोअरवाल्याला फोन करू नका. मी केला होता. दोनशे फुटांवर नक्की पाणी, असं त्यानं खात्रीनं सांगितलं, आणि शेवटी धूळ निघाली. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरी-बोअरवर बंधन आहे आणि गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेता येत नाही. आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात तुमचं गाव कोणत्या पाणलोटात येतं आणि तिथला उपसा किती आहे ते विचारा.

६. मोटार आणि वीज

पाइपच्या तोंडाशी ड्रम लावा, किती सेकंदांत भरतो ते तीनदा मोजा, सरासरी घ्या. माझा ड्रम ४० सेकंदांत भरतो: सेकंदाला ५ लिटर, तासाला १८,०००. मोटार सुरू करून अर्धा तास झाल्यावरच मोजा, कारण पातळी खाली गेली की धार बारीक होते. मोटारीच्या पाटीवरचा आकडा हिशोबात घेऊ नका.

शेतीला थ्री फेज वीज साधारण आठ तास मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री. आठ तासांत १.४४ लाख लिटर. माझ्याकडे झरा त्याच्या किती तरी खाली आहे, म्हणजे मोठी मोटार घेऊन काही फायदा नाही. झरा, मोटार गुणिले विजेचे तास, आणि पाइप किंवा ठिबकची क्षमता, यातला जो सगळ्यात लहान आकडा, तोच तुमचा पुरवठा. पाच हॉर्सपॉवरची काढून साडेसातची बसवणारे मी बघितलेत. विहीर फक्त लवकर रिकामी होते.

७. कालव्याखाली असाल तर

पारशिवनी, रामटेक, मौदा या भागात पेंचचा कालवा आहे. तिथला हिशोब वेगळ्या टोकानं सुरू होतो: धरणात किती आहे आणि त्यातलं शेतीला किती ठरलंय. पेंचमधून नागपूर शहराला पिण्याचं पाणी जातं, कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांनाही जातं. वर मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात पेंचवरच चौराईचं धरण झाल्यापासून आपल्याकडच्या तोतलाडोह धरणाला येणारं पाणी कमी झालंय. म्हणून तोतलाडोह भरलं एवढ्या बातमीवर पेरणी ठरवू नका. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत रब्बीला किती आवर्तनं (कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या) ठरली, उन्हाळी आवर्तन आहे की नाही, हे शाखा कार्यालयात जाऊन विचारा.

पाटबंधारे खात्याचा रब्बी हंगाम १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर आणि उन्हाळी हंगाम १ मार्च ते ३० जून. पाण्याचा मागणी अर्ज नमुना ७ वर, हंगामापूर्वी, मुदतीत द्यायचा असतो. जुनी पाणीपट्टी थकली असेल तर मंजुरी अडते, आणि वावर नवं घेतलं असेल तर आधीच्या मालकाची थकबाकी तुमच्या नावावर निघू शकते. खरेदीआधी हे तपासाच.

टेलवरच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या, शेतकऱ्यानं जाहीर झालेल्या पाळ्यांतली एक तरी वजा करूनच हिशोब धरावा.

८. पाऊस किती धरायचा

रब्बी आणि उन्हाळ्यासाठी शून्य. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादा पाऊस येतो, कधी गारपीट घेऊन येतो, त्याला पुरवठ्यात धरू नका. खरिपासाठी दहा वर्षांचे जून-जुलैचे आकडे मोठ्याकडून लहानाकडे लिहा आणि आठवा आकडा घ्या. सरासरीवर बेतलेलं नियोजन निम्म्या वर्षांत फसतं. हवामान विभागाच्या कृषी सल्ला पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, त्या पाळी पुढे-मागे करायला उपयोगी आहेत, वर्षाचं नियोजन करायला नाहीत.

९. महिनावार ताळा मांडा

आता मागणी आणि झरा शेजारी शेजारी. दिवसाचे हजार लिटर, माझ्या पहिल्या वर्षाचं पीक धरून:

- नोव्हेंबर: मागणी ३८, झरा ८०
- डिसेंबर: मागणी ४४, झरा ७०
- जानेवारी: मागणी ३५, झरा ६०
- फेब्रुवारी: मागणी ६२, झरा ५०
- मार्च: मागणी २९, झरा ४०
- एप्रिल: मागणी ३७, झरा ३०
- मे: मागणी ४०, झरा २०
- जूनचे पहिले पंधरा दिवस: मागणी ३४, झरा १८

नोव्हेंबर ते मे सगळी बेरीज केली तर झरा १०६ लाख आणि मागणी ८६ लाख लिटर. याच बेरजेनं मी फसलो. महिने वेगळे केले की एप्रिलमध्ये २ लाख, मे महिन्यात ६ लाख आणि जूनच्या पंधरवड्यात अडीच लाख लिटरची तूट दिसते. फेब्रुवारीत आहे ती वेगळीच.

डिसेंबरकडे नीट बघा. आंबिया बहारासाठी बागेला डिसेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ताण देतो, म्हणजे पाणी तोडतो, त्या काळात बागेची मागणी शून्य. नेमकी तेव्हाच विहीर भरलेली असते. त्यामुळे पाणी भरपूर आहे असं वाटतं आणि माणूस गव्हाचा एक एकर वाढवतो. ताण तुटला की बाग परत पाणी मागते, गव्हाच्या शेवटच्या दोन पाळ्याही फेब्रुवारीतच येतात, आणि दोन्ही एकमेकांवर आदळतात. फुलं धरायच्या वेळी बागेला पाणी कमी पडलं तर त्याचा परिणाम मे महिन्यात दिसतो, तेव्हा कारण लक्षातही येत नाही.

म्हणून क्रम उलटा लावा. आधी बागेचा मे, मग एप्रिल, मग फेब्रुवारीची फुलं. त्यातून जे उरेल त्यावर गव्हाचे एकर ठरवा. माझ्या हिशोबात एकच एकर गहू बसतो, तेव्हा फेब्रुवारीची मागणी ४३ हजारांवर येते आणि झरा ५० हजार देतो. दुसऱ्या एकरात हरभरा.

पण एवढ्यानं मे सुटत नाही. डिसेंबरमध्ये न उपसलेलं पाणी मे महिन्यापर्यंत माझ्याच विहिरीत थांबेल असं नसतं. काही उताराकडे जातं, काही शेजारी उपसतात. साठवायचं असेल तर वेगळी सोय लागते.

१०. तूट कशी भरायची

पहिला उपाय झाडाखाली. सोयाबीनचं कुटार किंवा वाळलं गवत चार बोटं जाड पसरा, खोडापासून वीतभर दूर. मी यानं पाचवा भाग पाणी वाचतं असं धरतो, म्हणजे मे महिन्यातले दिवसाचे आठ हजार लिटर. आळ्यानं पाणी देत असाल तर दुहेरी आळं करा. पाणी खोडाला लागलं की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, येतो.

दुसरा, ठिबक. अनुदान महाडीबीटीवर अर्ज करून मिळतं. पूर्वसंमती येण्याआधी संच विकत घेऊ नका, बिलाची तारीख आधीची असली की अनुदान जातं. लागणारी कागदं: शेतकरी ओळख क्रमांक, सातबारा, आठ-अ, आधारशी जोडलेलं बँक खातं. सातबारावर विहीर नसेल तर इथे आठवण येईल.

तिसरा, शेततळं. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, बाजूंचा उतार एकास एक असेल तर २१.९६ लाख लिटर मावतात. पण उघड्या पाण्यावरून जानेवारी ते एप्रिलअखेर दिवसाला सरासरी ७ मिमी उडतं असं धरलं तरी सात लाखांच्या आसपास लिटर हवेत जातात. मे महिन्यात उडणारं वेगळं. तेही वजा केलं तरी माझी साडेदहा लाखांची तूट त्यात भागते. अस्तर नसेल तर मुरूमाच्या जमिनीत ते फेब्रुवारीलाच रिकामं होईल. शेततळं पावसाळ्यात नाल्याच्या आणि वावरातून वाहून जाणाऱ्या पाण्यानं भरा. विहिरीतून उपसून भरणं मला पटत नाही. आपल्या तळ्यात आलेलं ते पाणी शेजाऱ्याच्या विहिरीतलं असतं.

चौथा उपाय काटोल-नरखेडकडचे जुने बागाईतदार वापरतात आणि नव्या माणसाला तो कुणी सांगत नाही: बहार बदलायचा. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलांसाठी, ताण ऐन उन्हाळ्यात, मे महिन्यात पडतो. म्हणजे झरा सगळ्यात बारीक असतो तेव्हाच बागेची मागणी थांबते. फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात, म्हणजे पाणी लागतं ते हिवाळ्यात, विहीर देऊ शकते तेव्हा. जोखीम एकच आणि ती मोठी: जूनचा पाऊस लांबला किंवा मध्ये खंड पडला तर फूल नीट येत नाही, आणि तेव्हा ओलीत द्यायला विहिरीत पाणीही नसतं. ज्याची विहीर मे महिन्यात दिवसाला तासभरही चालत नाही आणि शेततळं नाही, त्यानं मृगाचा विचार करावा. मी अर्धी बाग मृगावर नेली, अर्धी आंबियावर ठेवली. दोन ताणांमुळे ठिबकचे व्हॉल्व्ह वेगळे करावे लागले, दोन हजारांच्या आत काम झालं.

एवढं करून तूट उरलीच तर कोणती झाडं जगवायची हे मार्चमध्येच ठरवा. म्हातारी, डिंक्यानं धरलेली झाडं आधी सोडा. एप्रिलमध्ये सगळ्यांना थोडं थोडं देत बसलात तर कुणालाच पुरत नाही.

११. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी

मोटार सुरू करायच्या आधी, सकाळी, दोरी सोडा. पातळी लिहा. मग तीन तासांचा चढ लिहा. झरा ताळ्यातल्या आकड्यापेक्षा दहा टक्के कमी निघाला तर पुढचे सगळे महिने त्याच प्रमाणात कमी करा आणि त्याच दिवशी ठरवा की काय सोडायचं. जानेवारीअखेर कळलं तर गव्हाची शेवटची पाळी वाचवता येते. मार्चअखेर कळलं तर फळं विरळता येतात. दोरीच्या गाठी दरवर्षी नव्यानं बांधा, सुती दोरी भिजून-सुकून कमी-जास्त होते आणि मापात फरक पडतो. माझी आता नायलॉनची आहे, काकांनीच दिलेली.